वस्तादाला अडवायचं कुणी

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. हे मिरवण्यासाठी सांगत नाही, असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवण्यासाठीच सांगतो. माझे वडील सांगलीला हळदीच्या पेवात उतरणारे हमाल. जमिनीखाली रांजणासारखा खोल खड्डा खणून त्यात हळद साठवतात, त्याला पेव म्हणतात. पेव उघडलं की कोंडलेली हवा जाईपर्यंत थांबायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा, आणि तो विझला नाही तर माणूस सोडायचा. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांचं धोतर पिवळं, नखं पिवळी, घरातली उशीसुद्धा पिवळी. त्यांच्या मुलानं त्याच सांगलीत इंग्रजी घेऊन बी. ए. केलं. तेव्हा मी ते मिरवणारच.

पदवी हातात पडली तेव्हा लढाई पेटलेली होती आणि चलेजावची चळवळ सातारा-सांगलीच्या गावागावांत पसरलेली होती. माझे बरेच सोबती भूमिगत झाले. मी साताऱ्याला सदरबझारात लष्कराच्या तळावर दुभाष्या म्हणून लागलो. मला नोकरी हवी होती, तेवढंच कारण. सुट्टीत गावी गेलो की पारावरचे विचारायचे, "काय रं, गोऱ्याची जीब झालास म्हणं?" मी म्हणायचो, "व्हय. आन् त्या जिबेवर घर चालतंय." 

तळावर रंगरुटांना कसरत शिकवायला एक इंग्रज सार्जंट होता. त्याचं म्हणणं मराठीत सांगणं हे माझं काम. पहिल्या दिवशी त्यानं तोंड उघडलं आणि माझी बी. ए. ची पदवी अजिंक्यताऱ्यावरून खाली पडली. माझं इंग्रजी पुस्तकातलं. त्याचं इंग्रजी उत्तरेकडच्या कोळशाच्या खाणीतलं. अर्धे शब्द तो गिळायचा आणि उरलेले चावायचा. मी त्याच्या पायांकडे बघून भाषांतर करायला लागलो. पाय पुढं गेला की "पाय पुढे", हात वर गेला की "हात वर".

"बीए, तुमाला तरी कळतंय का वो?" रांगेतनं एकानं विचारलं. तळावर माझं नावच बीए पडलं होतं.

"थोडं थोडं."

"मग आमाला लय कळतंय म्हणायचं!"

महिन्याभरात माझा कान बसला आणि मग त्या माणसाची हकीकत मला कळत गेली. संध्याकाळी मैदानाच्या कडेला तो बादलीत गार पाणी घेऊन बसायचा, उजवा गुडघा फडक्यानं भिजवत राहायचा आणि बोलायचा. त्याचा बाप खाणीत जायचा, तोही पोरवयात खाणीत उतरला होता. माझे वडील पेवात उतरतात हे मी सांगितलं तेव्हा त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. विचारलं, "आत हवा असते का?" मी म्हटलं, "कंदील सांगतो." त्यानं मान हलवली. त्यांच्याकडंही तसंच काहीतरी होतं म्हणे.

खाणीतनं त्याला फुटबॉलनं बाहेर काढलं. गावच्या क्लबानं त्याला उचललं तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा होता. सुरुवातीला मोठ्या खेळाडूंचे बूट घासायचे, पावसानं भिजलेल्या पायऱ्या झाडायच्या. मग राखीव संघ, मग एक दिवस खरा संघ. सेंटर हाफ खेळायचा. म्हणजे मैदानाच्या मधोमध, येणारा प्रत्येक हल्ला अंगावर घ्यायचा आणि चेंडू पुढं धाडायचा. पुढं तो कप्तान झाला. आमच्याकडं पहिलवानाला ओळखतात तसं त्याला त्या गावात पोरंसोरं ओळखायची. लढाई लागली आणि खेळच बंद पडला. पगार थांबला, तो सैन्यात आला, आणि इकडं येण्याआधी एकदा लॉरीतनं उडी मारताना गुडघ्यात काहीतरी तुटलं.

त्याचा सगळा जीव त्या गुडघ्यात होता. तिशी उलटलेली. लढाई संपल्यावर क्लब जुन्या माणसांना बोलावणार होता, पण पळता येणाऱ्यांनाच. न पळणाऱ्याला काय, असं मी विचारलं. तो म्हणाला, "काहींना मॅनेजर करतात. संघ निवडायचा, शिकवायचं, कडेला उभं राहायचं. म्हातारे झाल्यावर." 'म्हातारे' हा शब्द त्यानं थुंकल्यासारखा उच्चारला. तळावरच्या डॉक्टरनं त्याला माझ्यादेखत सांगितलं होतं, आणखी एकदा मार बसला तर हा पाय वाकणार नाही, जन्मभर काठी घेऊन चालावं लागेल. सार्जंट त्याला "बरं" म्हणाला आणि बाहेर येऊन मैदानाला दोन फेऱ्या मारल्या.

त्यानं तळावरचा संघ बांधला. माणसं आमचीच. कुणी कोरेगावचा, कुणी इस्लामपूरकडचा. बहुतेक सगळे तालमीत वाढलेले. मधल्या फळीत एक हवालदार होता, म्हसवडकडचा. आफ्रिकेत जखमी होऊन आलेला, तब्येतीनं वडाच्या बुंध्यासारखा. गोलमध्ये लंगरातला आचारी, कारण त्याचे हात मोठे होते आणि तो जागचा हलत नसे. मी कॉलेजात डाव्या कडेला खेळलो होतो म्हणून मी डावीकडं. सार्जंट स्वतः मध्ये, शिकवायलाही आणि खेळायलाही.

सुरुवातीचे काही आठवडे सरावात आम्ही त्याला खरंच अडवायचो. त्याला ते जड जायचं. वळायला गेला की गुडघा मागं राहायचा आणि हवालदार चेंडू घेऊन निघून जायचा. सार्जंट स्वतःवरच चिडायचा.

मग एका संध्याकाळी काय झालं, एका कोवळ्या रंगरुटाच्या पोटरीत गोळा आला. तो जमिनीवर लोळायला लागला. सार्जंट त्याच्याजवळ मातीत बसला, त्याचा पाय मांडीवर घेतला आणि तेल मागवून स्वतःच्या हातानं रगडत राहिला, गोळा उतरेपर्यंत. गोऱ्या साहेबानं काळ्या शिपायाचा पाय मांडीवर घ्यायचा, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. पण आमच्या लोकांना त्यात वेगळंच दिसलं. तालमीत पोराच्या अंगाला असं तेल फक्त एकच माणूस लावतो. दुसऱ्या दिवसापासून सगळे त्याला साहेब म्हणायचं सोडून वस्ताद म्हणायला लागले.

"याचा अर्थ काय?" त्यानं मला विचारलं.

"गुरू. कुस्ती शिकवणारा."

त्याला ते आवडलं. त्यानं एवढंच विचारलं म्हणून मी एवढंच सांगितलं. पण वस्ताद म्हटलं की आमच्याकडं त्याच्यामागून बरंच काही येतं. वस्तादाच्या आधी कुस्तीच्या मातीच्या हौदात उतरायचं नाही. वस्तादासमोर बसायचं नाही. आणि वस्ताद लाल मातीत उतरून अंगावर आला तर पट्ठ्यानं जोर दाखवायचा, डाव दाखवायचे, पण त्याची पाठ मातीला लागू द्यायची नाही. कुठं लिहिलेलं नसतं हे. आईचं दूध प्यावं तसं अंगात असतं.

म्हणून त्या दिवसापासून सार्जंटला मैदानात कुणी अडवेना.

उघड उघड नव्हे. अंगावर धावून जायचे, धूळ उडवायचे, पाय पुढं टाकायचे, आणि तो पाय चेंडूपासून वीतभर अलीकडं थांबायचा. सार्जंट निघून जायचा. हवालदार तर असा सफाईनं चुकायचा की मला हसू यायचं. मीही तेच करत होतो. त्यात मला गैर काही वाटलं नाही. मीही सांगलीच्या तालमीत लहानपणी माती खाल्लेला. आम्ही सगळे मनापासून, न ठरवता, त्याला मान देत होतो.

सार्जंटचा चेहरा महिन्याभरात पालटला. तो शीळ घालत मैदानावर यायला लागला. बादली बंद झाली. एक दिवस मला दंडाला धरून म्हणाला, "बघितलंस ना? परत आला. गुडघा, पूर्वीसारखा. मी त्या हवालदारासारख्या माणसाला सोडून जातो, अरे, तो आमच्या तिकडच्या कुठल्याही संघात खेळेल असा आहे!" मी मान हलवली. मग नाडी बांधायच्या निमित्तानं खाली वाकलो.

आणि मग सामना ठरला. पुण्याच्या गोऱ्या पलटणीचा संघ लढाईच्या निधीसाठी सांगलीला येऊन आमच्याशी खेळणार होता. त्या संघात लढाईआधी तिकडं पैसे घेऊन खेळणारे दोघे होते. सार्जंट त्यांना ओळखत होता, एकाच्या विरुद्ध तर तो अनेकदा खेळलेला. तो म्हणाला, "ते मला खेळताना बघतील. ते घरी सांगतील." त्यानं संघ जाहीर केला. मधोमध स्वतःचं नाव.

त्या रात्री जेवणानंतर आम्ही लंगराच्या मागं जमलो. हवालदारानंच मला बोलावलं होतं.

"बीए, पुण्याचे गोरे ह्येला वस्ताद म्हणत्यात का वो?"

"ते कशाला म्हणतील?"

"मग त्ये सोडणार न्हाईत."

"नाही सोडणार."

"सेंटरला येतील, धाडकन देतील. गुडघा जाईल." हवालदार उकिडवा बसला होता, काडीनं मातीत रेघा ओढत होता. "आन् आमीच त्येला सांगितल्यागत झालं न्हवं, की जा, तू बरा झालायस म्हणून."

आचारी म्हणाला, "सांगू नगा गड्यांनू. माणूस कवा नव्हं ते खूश हाय. भात दुसऱ्यांदा मागतोय."

"आरं, भात मागतोय म्हणून लंगडा करायचा व्हय त्येला?"

"तसं न्हाई. पण ह्यो आनंद पुन्ना कुठनं आणून द्यायचा त्येला? तू देणार हायस?"

हवालदारानं मातीतल्या रेघा तळव्यानं पुसल्या. मग तो उठला आणि म्हणाला, "सांगायला पायजे. बीए, तुमी सांगा. मला विंग्रजी येत असतं तर तुमच्याकडं आलो असतो व्हय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. तो दाढी करत होता, आरसा खिडकीला अडकवलेला. मी साध्या शब्दांत सांगितलं, की ते तुम्हाला अडवत नाहीत. अडवल्यासारखं करतात.

त्यानं वस्तरा खाली ठेवला. "कधीपासून?"

"वस्ताद म्हणायला लागल्यापासून."

"सगळे?"

"सगळे."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा. मीही तालमीतलाच आहे."

"म्हणजे माझी कीव केलीत."

"कीव नाही. रीत आहे." मग मी त्याला ती रीत समजावायचा प्रयत्न केला. हौद, माती, पाठ, सगळं. इंग्रजीत ते फार बावळट वाटत होतं. त्यानं अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ऐकून घेतलं आणि शेवटी एक शब्द उच्चारला, जो मला कॉलेजात कुणी शिकवलेला नव्हता. मला वाटलं, गेली नोकरी.

त्याच संध्याकाळी त्यानं सगळ्यांना मैदानावर उभं केलं आणि मला म्हणाला, "सांग यांना. मला जो सोडेल तो संघात नाही. हुकूम आहे." मी सांगितलं. खेळ सुरू झाला आणि जे घडलं ते मला आजही आठवतं. आधी जे गुपचूप करत होते ते आता भीतीपोटी दुप्पट करायला लागले. धावून जायचे आणि स्वतःच उलटेपालटे होऊन पडायचे. जत्रेत आधी ठरवून नुरा कुस्ती लढतात, तशी. आचाऱ्यानं तर चेंडू हातात आलेला सोडून दिला आणि "आरारा!" म्हणून कपाळावर हात मारला. कडेला बसलेले रंगरूट खो खो हसत होते. आता सार्जंटला सगळं दिसत होतं. कुणाचा पाय कुठं थांबतो ते त्याला कळत होतं, आणि गेल्या महिन्याभरातली प्रत्येक संध्याकाळ त्याच्या डोळ्यांपुढनं परत जात असणार. तो मैदानाच्या मधोमध उभा राहिला. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

मी त्याच्याजवळ गेलो. म्हटलं, "हुकमानं होणार नाही. एकच वाट आहे." आमच्या तालमीत रीत होती, की वस्तादाला पट्ठ्याचं खरं बळ बघायचं असेल तर त्यानं स्वतः माती उचलून पट्ठ्याच्या खांद्याला लावायची आणि शड्डू ठोकायचा, म्हणजे मांडीवर थाप मारून ललकारायचं. मग पट्ठ्याला सूट असते. नुसती सूट नव्हे. मग हात राखून लढला तर तो वस्तादाचा अपमान.

"मग काय होतं? तो हरवतो?"

"बहुतेक वेळा. म्हणून वस्ताद हे फारसं करत नाहीत."

त्यानं अजिंक्यताऱ्याकडं पाहिलं. मला वाटलं, तो नको म्हणणार. आणि मनातून मला तेच हवं होतं. सामना दुसऱ्या कुठल्या कारणानं रद्द व्हावा, पाऊस यावा, पुण्याची लॉरी बंद पडावी, काहीही.

तो वाकला. बुटाच्या टाचेनं माती उकरली, मूठ भरली आणि हवालदाराकडं चालत गेला. त्याच्या खांद्याला माती लावली. मग मांडीवर थाप मारली. जोरात बसली नाही, निम्मी थाप चड्डीवरच पडली. पोरं हसली. हवालदारानं वळून त्यांच्याकडं पाहिलं आणि हसणं जागच्या जागी थांबलं.

हवालदाराच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो खाली बसला, सार्जंटच्या बुटाला हात लावून कपाळाला लावला, उठला, चार पावलं मागं गेला आणि मला म्हणाला, "सांगा त्येस्नी, माफी असावी."

"सांगायची गरज नाही," मी म्हटलं.

सार्जंट चेंडू घेऊन आला. हवालदार गेला आणि चेंडू काढून घेतला. इतकं सोपं झालं ते, की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. सार्जंटनं चेंडू मागितला, पुन्हा आला. यावेळी त्यानं एक हूल दिली, खांद्यानं, फार सुंदर. तीत त्याचं सगळं पूर्वायुष्य दिसलं. हवालदार क्षणभर चुकलासुद्धा. पण वळायची वेळ आली आणि गुडघा वळला नाही. हवालदार परत आला, चेंडू घेतला. तिसऱ्यांदा सार्जंट सरळ अंगावर आला आणि दोघं आदळले. सार्जंट पडला. पाठ मातीला टेकली. हवालदार दोन्ही हात कानांवर ठेवून उभा राहिला, लहान पोर मोठा आवाज व्हायच्या आधी ठेवतं तसा.

कुणी पुढं झालं नाही. मी गेलो, हात दिला. गुडघा धड होता, पडताना तो डाव्या अंगावर वळला होता. इतक्या वर्षांच्या सवयीनं शरीरानं स्वतःला वाचवलं होतं. तो उठून बसला, उभा मात्र राहिला नाही. बसल्या बसल्या त्यानं बुटांच्या नाड्या सोडायला सुरुवात केली. एक बूट, मग दुसरा. दोन्ही उलटे करून माती झटकली. मग मला म्हणाला, "त्याला विचार, रविवारी मधोमध खेळशील का."

मी विचारलं. हवालदार म्हणाला, "न्हाई म्हणावं."

"त्याला सांग, आता हा हुकूम आहे."

सामन्याला सांगलीची माणसं लोटली होती. पेठेतले हमाल झाडून आले होते, त्यांत माझे वडीलही. गोऱ्यांना आपली पोरं काय करतात हे बघायला आलेले निम्मे, आणि फुकट म्हणून आलेले निम्मे. माझ्या वडिलांनी मला कॉलेजच्या पोरासारखं अर्ध्या चड्डीत पहिल्यांदाच पाहिलं, आणि शेजाऱ्याला सांगताना मी ऐकलं, "डाव्या अंगाचा माजा. बी. ए. हाय."

सार्जंट कडेला उभा होता, पूर्ण गणवेशात. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. खिशात घातले, काढले, मागं बांधले. चेंडू त्याच्या बाजूनं गेला की त्याचा उजवा पाय जागच्या जागी उचलला जायचा. मी त्याच बाजूला होतो, मला सगळं दिसायचं. एकदा तर तो रेषेच्या आत आला आणि पंचानं शिटी वाजवून त्याला बाहेर जायला लावलं. लोक हसले.

मध्यंतरापर्यंत आमच्यावर दोन गोल झाले. आम्ही माना खाली घालून बसलो, आचारी पाणी वाटत होता. सार्जंट आमच्यासमोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, रागावेल. तो म्हणाला, "तुम्ही सगळे चेंडू मी जिथं उभा असायचो तिथं मारताय. मी तिथं नाही. तो आहे. तो माझ्यापेक्षा दहा पावलं पुढं असतो, कारण तो पळू शकतो. त्याच्याकडं बघून मारा."

मी भाषांतर करताना मधेच अडखळलो. पण आम्हाला उमगलं. महिनाभर आम्ही त्याला मान देता देता त्याच्या जागेभोवतीच खेळ बांधून ठेवला होता. दुसऱ्या अर्ध्यात चेंडू हवालदाराकडं जायला लागला, तो पुढं धाडायला लागला, आणि एक गोल आम्ही केला. हरलो, पण सांगलीकरांनी टोप्या उडवल्या. सामना संपल्यावर पूर्वी त्याच्याविरुद्ध खेळलेला पुण्याच्या संघातला तो खेळाडू सार्जंटकडं आला. हात मिळवून त्यानं विचारलं, "तू का नाही खेळलास?"

सार्जंट म्हणाला, "मी यांचा मॅनेजर आहे."

तो खेळाडू काय समजायचं ते समजला. त्यानं सार्जंटच्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या लोकांकडं परत गेला. त्यानंतर सार्जंट पंधरा दिवस हवालदाराशी बोलला नाही. मग एका सकाळी त्यालाच कप्तान केलं.

लढाई संपली, तो मायदेशी गेला. तळ रिकामा झाला. मी साताऱ्यातच शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो. पुढं वाचनालयात विलायतेची वर्तमानपत्रं दोन-दोन महिने उशिरा यायची, त्यांत मी फुटबॉलचं पान शोधायचो. त्याचं एकच पत्र आलं, त्यातला पत्ता मी हवालदारालाही कळवला: जुन्या क्लबानं त्याला घेतलं नव्हतं. खालच्या पायरीवरच्या एका लहानशा क्लबाचा तो मॅनेजर झाला होता. त्या क्लबाचं नाव छापील रकान्यात बहुतेक तळाकडं असायचं, एका वर्षी बरंच वर गेलेलंही मी पाहिलं. मॅनेजरचं नाव त्यात कुठंच नसायचं.

बाकीचं मला हवालदारानं सांगितलं. लढाई संपल्यावर पुढच्याच उन्हाळ्यात विजयाच्या संचलनासाठी आपले काही जवान विलायतेला नेले होते, त्यांत तो होता. परत आल्यावर म्हसवडला जायच्या आधी तो साताऱ्याला उतरला आणि थेट माझ्या शाळेत आला. आम्ही शाळेसमोरच्या हॉटेलात बसलो.

"वस्तादाला भेटून आलो," तो म्हणाला.

"एवढ्या लांब? कसा गेलास?"

"आगीनगाडीनं. सुट्टी काढली. टेसनावर पोलिसाला फुटबॉल म्हणून पाय मारून दाखिवला, त्येनं वाट दाखिवली. ग्येलो तर मैदानात कोण न्हाई. उन्हाळा, खेळ बंद. भवतीनं लाकडाच्या पायऱ्या, मोकळ्या. आन् गोलाच्या तोंडाशी एक मानूस वाकल्याला. बी टाकतोय."

"कसलं बी?"

"गवताचं! आता बोला. आमच्याकडं जनावराला काडी न्हाई, आन् ह्ये लोक खेळायला गवत पेरत्यात. वस्तादच व्हता त्यो. कोट काढून कुंपणावर टाकल्याला."

"ओळखलं त्यानं?"

"आदी माज्या पायाकडं बगितलं, मग तोंडाकडं. मग लय जोरात हसला. काय बोलला ते काय कळलं न्हाई, तुमी न्हवता. म्या बी मूठ भरून बी घेतलं. दोगांनी समदा पट्टा टाकला."

 चहा त्यानं बशीत ओतला, पण प्याला नाही. मी काय विचारणार हे त्याला माहीत होतं. आपणच वस्तादाचा खेळ थांबवला, हे सातारच्या त्या संध्याकाळपासून त्याच्या छातीवर बसलेलं होतं.

"खेळतो का रे तो? गंमत म्हणून तरी?"

"त्येच बगायला ग्येलो व्हतो न्हवं. तितं खोपीत चेंडू व्हता. म्या घेतला, आन् मुद्दाम ढकलला त्येच्याकडं. हळू. पोराकडं ढकलतो तसा. म्हनलं, एकदा मारू दे. एकदा मारला तर माजं बी मन मोकळं व्हईल."

"मग?"

"चेंडू ग्येला त्येच्या पायापाशी. पाय हालला न्हाई वो. चेंडू बुटाला टेकला आन् थांबला. त्यो बगत ऱ्हायला जरा. मग खाली वाकला, हातानं उचलला, काखेत धरला आन् मला खूण केली, चल, च्या घेऊ."

"गुडघा दुखत असेल."

"न्हाई. वाकला तवा गुडघ्यातनंच वाकला. चांगला हाय गुडघा."

हॉटेलच्या पोऱ्यानं कपबशा उचलल्या. शाळेची घंटा झाली, मला जायला हवं होतं. उठता उठता मी त्याला विचारलं, "तुला काय वाटलं?"

हवालदारानं टोपी झटकून डोक्यावर ठेवली.

"बरं वाटलं," तो म्हणाला. "आन् वाईट बी वाटलं. दोनी."